तज्ज्ञांचे दोन टक्के आणि मे महिन्यातली म्हादई

पर्वरीकर (धागाकर्ता)

म्हादईवर चर्चासत्र असो की वाहिनीवरचा वाद, कोणी ना कोणी प्राध्यापक तोच भागाकार करून दाखवतातच. म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात खोऱ्यातले पाणी १८८.०६ टीएमसी (अब्ज घनफूट) धरले. त्यातले मलप्रभा नदीत वळवायला कर्नाटकाला दिले ३.९ टीएमसी, म्हणजे कळसा नाल्याचे १.७२ आणि भांडुरा नाल्याचे २.१८. जेमतेम दोन टक्के! मग गोवेकरांची ओरड कशासाठी?

भागाकार बरोबर आहे, खोट छेदात आहे. १८८.०६ हा वर्षभराचा आकडा, तोही ७५ टक्के विश्वासार्हतेचा. म्हणजे चार वर्षांपैकी तीन वर्षे निदान एवढे पाणी येईल असा हिशेब. आपल्याकडे पावसाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि बघता बघता मांडवीतून (म्हादईचेच खालचे नाव) अरबी समुद्रात जातो. त्या पाण्याला छेदात बसवून मे महिन्याची काळजी खोटी ठरवायची, ही चलाखी आहे. मे महिन्यात नदीत असते ते सड्यावरून (डोंगरमाथ्याच्या पठारावरून), झऱ्यांतून पाझरलेले पाणी. भरतीचे खारे पाणी खाली रेटून धरायचे कामही तेच करते. ते कमी झाले की खारेपणा वर सरकतो, खाजनातल्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतल्या) विहिरी बिघडतात, ओपा जलशुद्धीकरण केंद्राच्या पंपांवर ताण येतो आणि फोंडा-तिसवाडीचे नळ कोरडे पडतात.

तज्ज्ञांनी वर्षाची टक्केवारी बाजूला ठेवून महिन्यांचा तक्ता मांडावा, एवढेच मागणे आहे.

उलटा प्रवाह

पर्वरीकरबाब, भावना पोचली, पण भूगोल चुकला. ओपाचे केंद्र खांडेपार नदीवर आहे. कळसा आणि भांडुरा खांडेपारला मिळत नाहीत. खांडेपारच्या वरच्या अंगाला हात घालणारी योजना वेगळीच होती: काटला-पाळणा नाल्यांचे पाणी काळी नदीच्या खोऱ्यात नेण्याची. ती मागणी लवादाने फेटाळली. तेव्हा कळशाचे पाणी वळवले म्हणून फोंड्याचा नळ कोरडा पडेल, हे नकाशात बसत नाही. समोरच्या वकिलाला असे एक वाक्य मिळाले तर बाकीचे खरे मुद्देही तो त्याच्यासोबत गुंडाळून टाकतो.

दुसरे म्हणजे, त्याच निवाड्यात गोव्याला २४ टीएमसी मिळाले. खोऱ्यातले आपले मोठे धरण अंजुणे, साठा सुमारे ४४.८ दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर. म्हणजे आपल्या वाट्याचे पाणी साठवायला पंधरा अंजुणे लागतील. नवी किती बांधली? वाट्याचे पाणी समुद्रात सोडायचे आणि शेजाऱ्याच्या ३.९ वर मोर्चे काढायचे, हे धोरण म्हणायचे का? बंधाऱ्यांच्या फळ्या पाऊस ओसरल्यावर बसवायच्या, त्या बसतात नदी आटायला लागल्यावर. दोन फळ्यांमधली फट माती-गवताने बुजवली नाही तर रात्रीत पाणी निघून जाते. गाळ न काढता फळ्या लावल्या तर साठा कागदावरच राहतो. मे महिन्याचे पाणी इथे हरवते, कर्नाटकातल्या कणकुंबीत, कळशाच्या कामावर नव्हे.

आणि कर्नाटकाच्या एकूण वाट्याचा १३.४२ टीएमसी हा आकडा फलकांवर लिहिणाऱ्यांनी त्याची फोड वाचावी. त्यातले ८.०२ वीजनिर्मितीचे आहेत. टर्बाइनमधून गेलेले ते पाणी पुन्हा नदीतच येते. १.५ टीएमसी खोऱ्यातच वापरायचे, वळवायचे ते ३.९.

पर्वरीकर

ओपाची चूक मान्य, ते वाक्य मागे घेतो. पण “शेजाऱ्याचे ३.९” किती मोठे, तेही पाहू. ३.९ टीएमसी म्हणजे ११० दशलक्ष घनमीटर, जवळपास अडीच अंजुणे. दिवसाला दहा कोटी लिटर शुद्ध करणारे केंद्र अख्खे वर्ष चालवले तर लागते १.३ टीएमसी. तशी तीन केंद्रे वर्षभर चालतील. टक्क्यांत लहान दिसते ते लिटरात लहान नाही. शिवाय आपण साठवत नाही म्हणून वरून काढले तरी चालेल, हे तर्कशास्त्र कुठले? साठवण न करणे हा आपला आळस, त्याची शिक्षा नदीला का?

जलमापक

दोघेही ज्या आकड्यांवर भांडता ते मोजायचे कसे, हे कोणी बोलत नाही.

गांजे येथे केंद्रीय जल आयोगाचे मापन केंद्र आहे. पाण्याची पातळी पट्टीवर वाचायची, वेगमापकाने प्रवाहाचा वेग घ्यायचा (सहसा पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर), आणि पातळी-विसर्ग वक्र (कोणत्या पातळीला सेकंदाला किती पाणी वाहते त्याचा आलेख) तयार करायचा. पुढे रोज फक्त पातळी वाचून विसर्ग काढतात. या पद्धतीत पाच टक्क्यांची चूक म्हणजे चांगले काम. मोठ्या पुरानंतर तळ सरकला आणि वक्र नव्याने काढला नाही, तर चूक त्याहून वाढते. आता सांगा, दोन टक्क्यांची घट पाच टक्के चुकीच्या उपकरणावर दिसेल कशी? “गांजेला काहीच फरक पडला नाही” असे उद्या कोणी छातीठोकपणे सांगेल आणि ते खोटेही ठरवता येणार नाही.

मोजायचे तर सीमेवर, नाल्यातच. उन्हाळी प्रवाहासाठी ९० अंशांची त्रिकोणी खाच असलेला लहान बांध पुरतो. खाचेवर १० सेंमी पाणी असेल तर सेकंदाला सुमारे साडेचार लिटर, २० सेंमी असेल तर पंचवीस लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाचपट. म्हणून एक सेंमीची चूकही महाग पडते. पट्टी खाचेवर लावायची नाही, पाण्याच्या उंचीच्या निदान चौपट अंतर मागे लावायची, कारण खाचेजवळ पाणी खाली झुकते. आणि खाचेत पातेरा अडकला की मागे पाणी फुगते, विसर्ग फुकटचा जास्त दिसतो. रोज कोणीतरी जाऊन तो काढायला हवा. पावसाळ्यात ही खाच बुडते, तेव्हा वेगमापकच.

आणखी एक वाट आहे. २०२२ च्या सुधारित अहवालात कर्नाटकाने उपसा योजना मांडली आहे. पंप आला की विजेचा मीटर आला. एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर, ०.३९ युनिट लागते. म्हणजे एका टीएमसीला सुमारे १ कोटी १० लाख युनिट. प्रत्यक्ष उंची आणि कार्यक्षमता घालून वीजबिलावरून पाण्याचा हिशेब पडताळता येतो. उताराने वाहणाऱ्या कालव्याला मीटर नसतो आणि बटणही नसते, तो नोव्हेंबरातही वाहतो. माझ्या मते उपसा योजना गोव्याला कालव्यापेक्षा कमी वाईट. हे इथे बोलून दाखवले की शिव्या मिळतात, मिळोत.

सत्तरीकर

मीटर, खाच, सगळे ठीक. पण मीटर बसवायचा म्हणजे योजना होऊ द्यायची, हे आधीच मान्य केल्यासारखे झाले. वन्यजीव कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय वळवता, थांबवता येत नाही. म्हादई अभयारण्य २०८ चौ.किमी., १९९९ पासूनचे. तिथेच ही लढाई जिंकायची आहे. २४ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाने व्याघ्र राखीव क्षेत्र अधिसूचित करायला सांगितले ते अमलात आणा, बाजू आणखी भक्कम होईल.

उलटा प्रवाह

सत्तरीकर, कलम २९ चा परवाना कोणाच्या हद्दीतल्या कामाला लागतो? पाणी अडेल कर्नाटकात, परिणाम दिसेल गोव्याच्या अभयारण्यात. गोव्याच्या अधिकाऱ्याची नोटीस सीमेपलीकडे किती चालते, हा प्रश्न न्यायालयात सुटायचा आहे. ती तोफ असल्यासारखे बोलू नका. तिकडे १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याप्रमाणे राजपत्रात आलेल्या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमनाम्याचे बळ असते, आणि हा निवाडा २७ फेब्रुवारी २०२० ला राजपत्रात आला.

व्याघ्र क्षेत्राबद्दल म्हणाल तर काजूच्या बागायतदारांना आणि वनहक्क दावे पडून असलेल्यांना आधी उत्तर द्या. गाभा क्षेत्र कुठून सुरू होते ते त्यांना नकाशावर दाखवल्याशिवाय पाठिंबा मागणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही मागणे.

सत्तरीकर

ते मान्य, दावे आधी निकाली काढा. पण त्यासाठी ग्रामसभेची वनहक्क समिती, उपविभाग, जिल्हा अशी साखळी कायद्यात आहे. ती हलत नाही ती वाघामुळे नव्हे. आणि कलम २९ बद्दल तुम्ही म्हणता “सुटायचा आहे”. म्हणजे हरलेला नाही ना?

जलमापक

हरा किंवा जिंका, न्यायालयात पुरावा लागेल तो नाल्यातल्या पट्टीचा. वळवणूक सुरू होण्याआधीच्या निदान काही उन्हाळ्यांच्या नोंदी हाताशी नसतील तर “कमी झाले” म्हणताना कशापेक्षा कमी, ते सांगता येणार नाही. निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने २०२३ मध्ये ‘प्रवाह’ हे प्राधिकरण मंजूर केले. त्याच्यापुढे आपण घोषणा घेऊन जाणार की वही?

पर्वरीकर

वहीच. धाग्याच्या पहिल्या मजकुरात ओपाचे वाक्य खोडून खाली दुरुस्ती लिहितो. छेदाचा मुद्दा मात्र तसाच ठेवतो. उलटा प्रवाह यांनी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.