टीव्हीवर लॅपटॉपची टास्कबार अर्धीच दिसते
गिरगावकर: घरी ४३ इंची फोर-के टीव्ही आहे. सोसायटीच्या सभेआधी हिशोबाची एक्सेल शीट कमिटीला मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे. एचडीएमआय केबल लावली, चित्र आलं. पण चारही कडा कापल्या जातात. आवाज लॅपटॉपमधूनच येतो आणि माउस ओढल्यासारखा चालतो. नवीन केबल आणू का? लॅमिंग्टन रोड जवळच आहे.

परळची मावशी: थांबा हो, आधी खिशात हात घालू नका! कडा कापतो तो टीव्ही. ह्याला ओव्हरस्कॅन म्हणतात, जुन्या डबा टीव्हीच्या काळातली खोड. पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा, कंपनीगणिक नाव बदलतं. आवाजासाठी टास्कबारवरच्या स्पीकरमध्ये जाऊन टीव्ही निवडा. आणि विंडोज + पी दाबून 'एक्स्टेंड' करा आणि शीटची खिडकी टीव्हीकडे ओढा, म्हणजे टीव्हीवर फक्त शीट दिसेल. नाहीतर तुमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज अख्खी कमिटी वाचेल. आमच्याकडे वाचलेत.

गिरगावकर: कडा आल्या, आवाजही आला. माउस तसाच.

परळची मावशी: लॅपटॉप जुना असेल तर त्याचं एचडीएमआय १.४ ह्या जुन्या आवृत्तीचं असणार. त्यावर फोर-के ३० हर्ट्झलाच चालतं, म्हणजे सेकंदाला ३०च चित्रं, म्हणून माउस ओढल्यासारखा वाटतो. रिझोल्यूशन १९२० × १०८० करा, ६० हर्ट्झ मिळेल. टीव्हीचा गेम मोडही लावा, त्याने चित्र उशिरा दिसणं कमी होतं.

गिरगावकर: झालं काम, मावशी! अक्षरंही मोठी झाली, खजिनदारकाका खूश.