मदत हवी आहे: एमएमचे इंच-सूत करून देणारा कॅल्क्युलेटर

गोदाकाठ:

मंडळी, घरी किचनच्या ट्रॉल्या आणि एका वॉर्डरोबचं काम काढलंय. ड्रॉइंग डिझायनरबाईंचं, सगळं एमएममध्ये. मिस्त्री जुन्या वळणाचे. हात अप्रतिम, पण बोलणं फूट, इंच आणि सुतात. (ज्यांचा सुतारकामाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत.) त्यामुळे रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी फोनवर आकडे बदलून देणं हे माझं काम झालंय.

आता अडचण. एक साइट ६०० एमएमचे २३.६२ इंच सांगते. मिस्त्री विचारतात, "साहेब, पॉइंट बासष्ट म्हणजे किती सूत?" दुसरी साइट अपूर्णांक देते, पण ७२० एमएमचं उत्तर २८ पूर्णांक ११/३२ असं. हे टेपवर बोट ठेवून दाखवायचं कुठे? थेट सुतात उत्तर देणारं एखादं ॲप किंवा साइट कुणाला माहीत आहे का?

दुसरा प्रश्न लाकडाचा. काकांच्या शेतातला साग रीतसर परवानगी काढून तोडला आहे. त्यातला एक ओंडका १२ फूट लांब, मध्यावर घेर ४८ इंच. वखारीत त्याचं माप १२ घनफूट लावलं. ऑनलाइन कॅल्क्युलेटरात घेर आणि लांबी टाकली तर १५.२८ घनफूट येतात. सव्वातीन घनफूट साग म्हणजे काही थोडाथोडका नव्हे. कोण बरोबर?

गराजमधला सुतार:

वेगळं ॲप शोधू नका. मी अमेरिकेत हौसेने सुतारकाम करतो, इथले बहुतेक कॅल्क्युलेटर अपूर्णांक किती बारीक हवा ते विचारतात. तिथे १/६४ ऐवजी १/८ निवडा. वरचा आकडा म्हणजे तुमचं सूत. फक्त तो अपूर्णांक संक्षेप करून दाखवतो, म्हणून १/४ दिसलं तर दोन सूत, १/२ म्हणजे चार, ३/४ म्हणजे सहा. अर्धं सूत हवं असेल तर १/१६ ठेवा.

एक इशारा: इथल्या साइटवर लाकडाचा हिशोब करू नका. त्या 'बोर्ड फूट' देतात, म्हणजे १४४ घनइंच. तुमच्या एका घनफुटात असे १२ बसतात. शिवाय इथे दुकानात 'टू बाय फोर' म्हणून मिळणारी पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते, आणि काही साइट गुपचूप तेच माप धरतात.

रंधा:

ॲपचीही गरज नाही. एमएमला २५.४ ने भागा, दशांशाच्या आधीचा आकडा इंच, नंतरच्या भागाला ८ ने गुणलं की सूत. ६०० चे २३.६२२, ०.६२२ गुणिले ८ म्हणजे ४.९८. बोला "तेवीस इंच पाच सूत". एक्सेलमध्ये एकदा बसवून टाका, ड्रॉइंगमधले सगळे आकडे एका दमात होतील.

पण खरी भानगड बदलण्यात नसून जवळच्या सुतावर नेण्यात आहे. समजा १८०० एमएमच्या जागेत ४५० चे चार बॉक्स आहेत. ४५० म्हणजे १७ इंच पावणेसहा सूत. तुम्ही मिस्त्रींना सांगणार "सतरा इंच सहा सूत", आणि त्यात काही चूक नाही. चार बॉक्स शेजारी लावले की झाले ७१ इंच. जागा आहे ७० इंच ७ सूत. एक सूत जास्त! दोन पक्क्या भिंतींमध्ये चौथा बॉक्स बसणार नाही, आणि कॅल्क्युलेटरने तर प्रत्येक वेळी बरोबरच उत्तर दिलेलं असेल.

म्हणून प्रत्येक बॉक्सचं माप सुटं बदलू नका. एका कोपऱ्यापासून खुणा काढा: ९०० ला ३५ इंच साडेतीन सूत, १३५० ला ५३ इंच एक सूत, १८०० ला ७० इंच ७ सूत. बॉक्स या खुणांच्या आत बसवायचे. फरक कुठेतरी अर्ध्या सुताचा राहील, पण साठत जाणार नाही.

प्लायही मोजून घ्या. ड्रॉइंगमध्ये १८ असतं, बाजारातून १९ म्हणून येतो, आणि कॅलिपर लावला तर तिसराच आकडा निघू शकतो. बॉक्सचं आतलं माप दोन जाडी वजा करून येतं. १८ धरले तर ४५० मधून ४१४ उरतात, १९ धरले तर ४१२. हे कुठल्याही साइटला कळायचं नाही.

गोदाकाठ:

@रंधा, हे भारी आहे, खुणांचं लक्षातच आलं नव्हतं. मग ड्रॉवरच्या चॅनलचं काय? ड्रॉइंगमध्ये दोन्ही बाजूंना १२.७ लिहिलंय.

रंधा:

ते नशिबाने सरळ आहे. १२.७ म्हणजे बरोबर अर्धा इंच, चार सूत. टेलिस्कोपिक चॅनल असेल तर बॉक्सच्या आतल्या मापापेक्षा ड्रॉवर एक इंचाने कमी. बिजागरीच्या वाटीचं भोक मात्र ३५ एमएमचंच, त्याचे इंच करत बसू नका. बिट त्याच मापाचा मिळतो.

वखारवाला:

ओंडक्याबद्दल सांगतो. दोघेही बरोबर. तुमच्या साइटने ओंडका पूर्ण गोल धरला. लाकडाच्या धंद्यात घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ४८ चा पाव १२ इंच, म्हणजे एक फूट. एक गुणिले एक गुणिले १२ फूट, झाले १२ घनफूट. ही जुनी पद्धत आहे, साल आणि चौरस करताना जाणारी फाळी त्यात आधीच सोडलेली असते. खऱ्या गोल मापाला १.२७३ ने भागलं की वखारीचं माप मिळतं, करून बघा. यात फसवणूक नाही.

विकणार असाल तर भाव कोणत्या मापावर सांगितलाय तेवढं आधी विचारा. चिरून घरीच वापरणार असाल तर कटाईची मजुरी घनफुटावर असते, तेव्हा १२ लागले तर फायदा तुमचाच. चिरलेल्या मालाला मात्र वेगळा हिशोब: रुंदी इंच गुणिले जाडी इंच गुणिले लांबी फूट, भागिले १४४. सहा इंची, दीड इंच जाड, सात फुटी फळी म्हणजे ०.४४ घनफूट. सरकारी डेपोचा भाव घनमीटरला असेल तर एका घनमीटरचे ३५.३१५ घनफूट धरा.

गराजमधला सुतार:

फुटांबद्दल एक राहिलं. मिस्त्री कागदावर पाच फूट सहा इंच हे ५.६ असं लिहीत असतील तर तो आकडा तसाच साइटवर टाकू नका. कॅल्क्युलेटर त्याचे पाच फूट सात इंच आणि वर दीड सूत करेल.

गोदाकाठ:

आमचे मिस्त्री अगदी तसंच लिहितात! वॉर्डरोबच्या कागदावर ६.१० आहे. म्हणजे सहा फूट दहा इंच ना? ड्रॉइंगमध्ये २१०० आहे.

रंधा:

हो. २१०० म्हणजे सहा फूट दहा इंच साडेपाच सूत. वरचे साडेपाच सूत त्यांनी सोडून दिलेत की छताला जागा म्हणून मुद्दाम ठेवलेत, ते प्लाय कापायच्या आधी विचारा.