मदत हवी आहे: स्वस्त गोळ्या चालणारी, खिशाला परवडणारी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल कोणती घ्यावी?

भुसावळकर

मंडळी, नमस्कार.

मी पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात राहतो, पिट्सबर्गपासून तासाभरावर. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे खरेदीला कायद्याची अडचण नाही. दीड वर्षं एका सहकाऱ्याच्या रायफलीवर नेमबाजी शिकतोय, आता स्वतःची घ्यायची आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महिन्यातून दोन शनिवार रेंजवर जातो. दर वेळी चाळीसेक गोळ्या, म्हणजे वर्षाला हजाराच्या आसपास. अंतर १०० यार्ड, क्वचित २००. बजेट रायफल आणि स्कोप मिळून ६०० डॉलर, ओढूनताणून ७००. सहकारी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाच्या शिकारीला जातो आणि यंदा मलाही बोलावलंय. आमच्या राज्यात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, त्यामुळे बोल्ट-अ‍ॅक्शनकडे कल आहे. तसंही मला तीच आवडते. गोळी सुटली की बोल्ट वर, मागे, पुंगळी टण्णकन बाहेर, आणि पुढच्या गोळीआधी श्वास जागेवर आणायला वेळ मिळतो.

मोसिन-नागांत ९१/३० (जुनी रशियन लष्करी बोल्ट रायफल) डोक्यात होती. पंधरा वर्षांपूर्वी ती शंभर डॉलरच्या आत मिळायची म्हणतात. आमच्या गावच्या दुकानात परवा ४५० चा टॅग होता. गोळ्यांचे मी पाहिलेले भाव असे: स्टीलच्या पुंगळीची ७.६२×३९ आणि ५.५६ ची एम१९३ (साधी लष्करी पद्धतीची गोळी), दोन्ही साधारण ५० सेंटला एक. पितळी .३०८ ची ९० च्या घरात. मोसिनची ७.६२×५४आर डॉलरच्या पुढे. मग मोसिन घेण्यात अर्थ उरतो का?

दुसरी गोष्ट मनातली आहे. माझे बाबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. शाळेत जायची वेळ आम्ही फॅक्टरीच्या भोंग्यावर ठरवायचो. गेल्या महिन्यात रेंजवर शेजारच्या बाकावर एक आजोबा इशापूर २ए१ चालवत होते. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर असायची ना, तशीच लाकडी दस्त्याची, नळीच्या टोकाला बोथट नाक असलेली, पण ७.६२ नाटोच्या गोळीसाठी बनवलेली. त्यांची एक पुंगळी माझ्या पायाशी घरंगळत आली. उचलली तर बुडावर इंग्रजीत तीन अक्षरं: ओ, एफ, व्ही. ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव! हातातलं पितळ अजून गरम होतं. फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांचं पहिलं उत्तर आलं, "आधी मान बघ. चीर गेली आहे का?" पुंगळीच्या मानेला चीर नव्हती. दुसरा मेसेज अर्ध्या तासाने आला, नुसताच हात जोडलेला. आजोबांना विचारून ती पुंगळी घरी आणली, टेबलावर आहे.

तेव्हापासून इशापूर घ्यावीशी वाटते. पण बजेट एकाच रायफलीचं आहे आणि घरात नऊ वर्षांची मुलगी असल्यामुळे चांगल्या तिजोरीचे पैसे वेगळे काढायचे आहेत, त्यात तडजोड नाही. भावनेच्या भरात चुकीचं लाकूड-लोखंड उचलायचं नाहीये. तुम्ही माझ्या जागी असता तर काय घेतलं असतं?

टेक्सासकर

भुसावळकर, आधी काडतूस ठरवा, रायफल मग. रायफलीचे पैसे एकदा जातात, गोळ्यांचे प्रत्येक वेळी. वर्षाला हजार गोळ्या म्हणजे ५० सेंट आणि ९० सेंट यातला फरकच ४०० डॉलरचा. दीड वर्षात नवी रायफल होते त्यातून.

माझ्याकडे दोन मोसिन आहेत, त्यामुळे प्रेमापोटी सांगतो: आता नका घेऊ. त्या रायफलीचं सगळं गणित डब्यांवर उभं होतं. पत्र्याचा सीलबंद डबा, ४४० गोळ्या, कापायला वेगळा सुरा. दोन डब्यांची लाकडी पेटी ८८० ची. ते डबे सोव्हिएत काळातले, कोठारं रिकामी होत गेली. त्यात सप्टेंबर २०२१ पासून रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर अमेरिकेने बंदी आणली. आधीचे परवाने होते तोवर माल येत राहिला, मग आटला. आता सर्बियाची पितळी गोळी मिळते. चांगली असते, पण स्वस्त नाही.

आणि जुन्या डब्यातल्या गोळ्या मिळाल्याच, तर धुणं चुकत नाही. त्यांच्या प्रायमरमध्ये (पुंगळीच्या बुडातली पेट देणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळलं की नळीत क्षार उरतो, मिठाच्याच जातीचा. हवेतली ओल ओढतो आणि एका रात्रीत नळीला तांबूस डाग पडतात. तेलाने तो क्षार विरघळत नाही, पाण्याने विरघळतो. म्हणून घरी आल्यावर आधी नळीतून गरम पाणी ओतायचं, बोल्टचं तोंडही धुवायचं, कोरडं करायचं आणि मग तेल. मी ह्यूस्टनच्या दमट हवेत हे एकदा "उद्या करू" म्हणून टाळलं. ती नळी आजही आतून खरबरीत आहे. रेंजवरून थकून येता, मुलगी वाट बघत असते, तेव्हा हे नको वाटतं हो. जुन्या लष्करी मालाच्या प्रत्येक गोळीला, डब्यावर काहीही लिहिलं असलं तरी, हेच वागवायचं.

रानजाई

टेक्सासकरांना अनुमोदन. मी मिशिगनमध्ये आठ वर्षं नेमबाजी करते आहे, सरावाला ५.५६ च वापरते.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुकानात ती कोणी आपणहून सांगत नाही. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं बाहेरून सारखीच दिसतात, पण चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) सारखं नसतं. ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळी नळीच्या आट्यांना भिडण्याआधी जास्त मोकळी जागा असते. नुसत्या .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ ची लष्करी गोळी घातली तर दाब नको तितका चढू शकतो. उलट मात्र चालतं. तुम्हाला लष्करी पद्धतीची स्वस्त गोळी वापरायची आहे, म्हणून नळीवर ५.५६ कोरलेलं असेल तीच रायफल घ्या. बऱ्याच स्वस्त बोल्ट रायफली फक्त .२२३ च्या असतात. रुगर अमेरिकन रँच ५.५६ मध्ये मिळते, नव्या मॉडेलना एआर-१५ रायफलीचं मॅगझीन बसतं, म्हणजे मॅगझीनही स्वस्त. मॉसबर्ग एमव्हीपी हा दुसरा पर्याय.

एम१९३ घ्या, हिरव्या टोकाची एम८५५ घेऊ नका. तिच्या टोकात पोलाद असतं आणि पुष्कळ रेंजवर दारातच लोहचुंबक लावून बघतात. स्टीलच्या पुंगळीची ७.६२×३९ सुद्धा अनेकदा याच चाळणीत अडकते, कारण गोळीच्या आवरणातच पोलाद असतं. घरचं एक साधं चुंबक खिशात ठेवा. पेटी घेण्याआधी रेंजचा नियम वाचा.

भुसावळकर

रानजाई ताई, हा चेंबरचा फरक मला खरोखर माहीत नव्हता. मी सवलतीतली एक .२२३ बघून ठेवली होती. वाचलो.

आमच्या रेंजवर स्टीलच्या पुंगळ्या चालतात, आवरणाबद्दल आजच फोन करून विचारतो. पण हरणाचं काय? सहकारी म्हणतो ५.५६ हरणाला हलकी पडते.

टेक्सासकर

तुमच्याकडे .२२३ हरणाला कायद्यात बसते, पण पहिल्याच मोसमात नवख्या माणसाने ती घेऊन जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नेम चार इंच चुकला की जनावर जखमी होऊन पळतं आणि ते शोधत अंधार पडेपर्यंत फिरावं लागतं. ती संध्याकाळ मी पाहिली आहे, विसरलेलो नाही. ७.६२×३९ ची १२३ ग्रेनची गोळी जवळजवळ थर्टी-थर्टीच्या (.३०-३० हे जुनं शिकारी काडतूस) ताकदीची, आणि थर्टी-थर्टीने तुमच्या जंगलात किती पिढ्या हरणं मारत आल्या आहेत. १५० यार्डांच्या आत ती पुरते.

मात्र सरावाची गोळी वेगळी आणि शिकारीची वेगळी. पूर्ण आवरणाची गोळी हरणाला तुमच्या राज्यात बेकायदा आहे, लागल्यावर फुलणारीच लागते. दोन्ही एकाच ठिकाणी लागतील असं धरून चालू नका. नोव्हेंबरच्या आधी सॉफ्ट पॉइंटची, म्हणजे फुलणाऱ्या गोळीची, एक पेटी घ्या, १०० यार्डांवर पुन्हा झीरो करा (नेम धराल तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवा) आणि मोसम संपेपर्यंत स्कोपला हात लावू नका.

७.६२×३९ मध्येही रुगर रँच आहे, १६ इंची नळी, रुगरच्याच मिनी थर्टी रायफलीचं पाच गोळ्यांचं मॅगझीन. हाउवा मिनी अ‍ॅक्शन दस्त्याला आणि बोल्टला जास्त गुळगुळीत, पण तुमच्या बजेटच्या वर जाईल. जुनी सीझेड ५२७ कार्बाइन कुठे रास्त भावात दिसली तर मला व्यक्तिगत निरोप करा, कारण ती मीच घेईन.

एक सावधगिरी: लष्करी पद्धतीच्या गोळ्यांचे प्रायमर कडक असतात. बोल्ट रायफलीचा फायरिंग पिन कधी कधी नुसता टिचका मारतो, गोळी उडत नाही. असं झालं तर नळी समोरच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. आणि एकदम हजाराची पेटी मागवू नका. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वीस-वीस घ्या, रायफल कोणती मागते ते बघा, मग पेटी.

नवा सभासद

मी एच-१बी वर आहे. मलाही घेता येईल का?

रानजाई

नुसत्या एच-१बी वर नाही. संघराज्याच्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि गोळ्या बाळगायला बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. पण अर्ज भरताना चूक झाली तर ते व्हिसावर शेकतं. आधी वकिलाला विचारा, मित्राला नको.

जळगाववरून

वाचून बरं वाटलं. आमच्या शेतावर रानडुकरांसाठी काकांच्या नावावर परवाना आहे, त्यांची रायफल .३१५ ची. .३०३ आणि ७.६२ आपल्याकडे सामान्य माणसाला मिळत नाही. बाबांना वरणगावला नमस्कार सांगा.

जुना बाक

इशापूरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २ए१ माझ्याकडे अकरा वर्षं आहे. १९६० च्या दशकात इशापूरने ली-एनफिल्डचीच (ब्रिटिश सैन्याची जुनी रायफल) घडण घेतली, पोलाद सुधारलं आणि ती ७.६२ नाटोसाठी बनवली. मागचा नेम ८०० मीटरपर्यंत, मॅगझीन बारा गोळ्यांचं. हातात घेतल्यावर खाली ठेवावीशी वाटत नाही.

पण तुमच्या कामाला नको. एक तर ७.६२ नाटोचा स्वस्त लष्करी माल आता फारसा उरलेला नाही, म्हणजे ९० सेंटवाली पितळी गोळीच आली. दुसरं, दुकानातल्या .३०८ च्या जोरकस शिकारी गोळ्या तिच्यात घालायच्या नाहीत. आधुनिक .३०८ रायफलीत नाटोची गोळी खुशाल चालते, पण इशापूरमध्ये .३०८ घालण्याबाबत मी तरी हात आखडता ठेवतो. आणि कुठलीही जुनी लष्करी रायफल घेतली की पहिली गोळी झाडण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला उरणारी मोकळी जागा) मोजून घ्यायचा. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का तेही बघायचं.

वर्ष-दोन वर्षांनी दुसरी रायफल म्हणून घ्या. तोवर त्या आजोबांशी ओळख वाढवा. पाच गोळ्या झाडायला नाही म्हणायचे नाहीत.

भुसावळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रेंजला फोन केला. चुंबक फक्त आतल्या बंदिस्त रेंजवर लावतात, बाहेरच्या १०० यार्डांवर नाही. त्यामुळे ७.६२×३९ मधली रँच हे नक्की करतो आहे. स्कोपला १५० पर्यंत ठेवले आहेत, तिजोरी आधी येईल.

येत्या शनिवारी दुकानात जाऊन बोल्ट दहा-वीस वेळा उघडझाप करून बघतो आणि नळीवर काय कोरलंय ते स्वतः वाचतो. बाबांना धागा वाचून दाखवला. जुना बाक यांच्यासाठी त्यांचा एक प्रश्न आहे: तुमच्याकडे ओएफव्हीच्या पुंगळ्या असतील तर त्यांच्या बुडावर वर्ष कोणतं आहे? १९८४ ते २००९ मधलं असेल तर ते फॅक्टरीत होते.