सासूबाईंचा पासपोर्ट मे महिन्यात संपतोय, डिसेंबरची सिंगापूर क्रूझ जमेल का?

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार मंडळी. डिसेंबरात सिंगापूरहून क्रूझ बुक केली आहे. १२ तारखेला मरिना बे क्रूझ सेंटरवरून निघायचं, मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत करून १६ ला परत सिंगापूर. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंची पंचाहत्तरी त्याच आठवड्यात येते, म्हणून हा सगळा घाट.

व्हिसासाठी कागद काढायला बसले तेव्हा लक्षात आलं की आईंचा पासपोर्ट १८ मेला संपतोय. म्हणजे परतीच्या तारखेपासून पाच महिने आणि वर दोन दिवस. एजंटला फोन केला तर म्हणतो, "भरपूर आहेत मॅडम, एकदा व्हिसा लागला की कोण बघतंय!" जहाजाच्या कागदावर मात्र बारीक अक्षरात लिहिलंय की पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक हवी. नवऱ्याचं म्हणणं, एजंट रोज हेच काम करतो, त्याला जास्त कळतं.

दुसरी अडचण म्हणजे आईंच्या या पासपोर्टात अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. नणंद न्यू जर्सीला असते. नवीन पासपोर्ट काढला तर तो व्हिसा बुडेल, या भीतीने त्या पासपोर्टला हात लावू देत नाहीत. आणि तिकडे भिशीत सगळ्यांना क्रूझचं सांगून झालंय. काय करावं?

मालवणी_मसाला

ताई, उगाच टेन्शन घेऊ नका. आम्ही मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ केली. बॅलार्ड पियरला आधार कार्ड दाखवलं, आत सोडलं. पासपोर्ट कोणी मागितलासुद्धा नाही.

काउंटरकाका, ठाणे

मालवणी मसाला, तुमची क्रूझ देशातल्या देशात होती. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप म्हणजे भारतीय माणसाला सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. तेच जहाज उद्या चेन्नईहून श्रीलंकेतल्या हंबनटोटाला निघालं की पासपोर्ट लागणार. ताईंच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. मी निवृत्त होईपर्यंत एका ट्रॅव्हल कंपनीत व्हिसाचं काउंटर सांभाळत होतो. पासपोर्ट हातात आला की फोटोच्या आधी मुदतीची तारीख बघायची, ही खोड अजून गेलेली नाही. लग्नात पाहुणे भेटले तरी विचारतो.

तुमचा एजंट म्हणतो "कोण बघतंय". मी सांगतो कोण बघतं. पहिल्यांदा मुंबईच्या विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी बघते. परत पाठवलेला प्रवासी कंपनीला स्वतःच्या खर्चाने आणावा लागतो, वर दंड बसू शकतो. ती काय म्हणून धोका पत्करेल? मग सिंगापूरचं इमिग्रेशन. त्यांना सहा महिने लागतात, तिथे चर्चा नाही. यातून निभावलात तर जहाजाचं चेक-इन काउंटर, आणि माझ्या मते सगळ्यात कडक तेच. विमान एका देशात उतरतं. जहाज तुमचा पासपोर्ट घेऊन तीन देश फिरतं. वाटेतल्या एका बंदराचा नियम जरी मोडत असला तरी ते तुम्हाला चढवतच नाहीत. "फुकेतला आम्ही खाली उतरणार नाही, खोलीत बसून राहू" ही विनंती मी लोकांना करताना ऐकली आहे. चालत नाही. जहाजावरच्या प्रत्येक माणसाची यादी बंदराला द्यावी लागते, तो उतरो न उतरो.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला, तेव्हापासून पुष्कळांचा समज झालाय की तिथे आता काहीच लागत नाही. व्हिसा माफ झाला, पासपोर्टची मुदत माफ झालेली नाही. तिथेही सहा महिनेच.

सहा महिने कुठून मोजायचे यावर घरोघरी वाद होतात. बुकिंगच्या तारखेपासून नाही, निघायच्या तारखेपासूनही नाही. क्रूझ संपते त्या दिवसापासून मोजा, म्हणजे कोणत्याही काउंटरवर वाद उरत नाही. तुमच्या बाबतीत १६ डिसेंबर ते १६ जून. आईंचा संपतो १८ मेला. जवळजवळ महिना कमी पडतो. विषय संपला, नवीन काढा.

लोकांना हा नियम म्हणजे छळ वाटतो. पण पंचाहत्तरीचं माणूस बोटीवर पडलं, पेनांगला दवाखान्यात ठेवावं लागलं, मुक्काम लांबला, तर त्या देशाला परत पाठवता येईल असा चालू पासपोर्ट हातात हवा. त्यासाठीच ही शिल्लक.

अमेरिकेच्या व्हिसाचं भय आईंच्या डोक्यातून काढा. पासपोर्ट सेवा केंद्रात जुन्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारतात, कोपरा कापतात आणि तो परत देतात. आतला व्हिसा शाबूत राहतो. पुढच्या वेळी नणंदेकडे जाताना नवा आणि जुना दोन्ही बरोबर न्यायचे. मुंबई विमानतळावर रबर लावलेली अशी जोडी कितीतरी आजी-आजोबांच्या हातात दिसते.

अर्ज 'री-इश्यू'चा, म्हणजे जुन्याच्या जागी नव्याचा, करा. फी ३६ पानांना १,५०० रुपये, ६० पानांना २,०००. तत्काळला वर २,०००. नाशिकला लवकरची तारीख मिळाली नाही तर ठाण्याची बघा, २०१८ पासून देशात कुठेही अर्ज करता येतो. पोलीस पडताळणी लागली तर ती अर्जातल्या पत्त्यावरच होते. आणि एक ऐका: याच अर्जात नाव, पत्ता बदलून घेऊ असा मोह होतो. आधारवर मधलं नाव आहे आणि पासपोर्टवर नाही, वगैरे. फरक मोठा नसेल तर ते आत्ता उकरू नका, क्रूझहून आल्यावर बघा.

आणि मुलीचा पासपोर्ट? तुम्ही "आमचे दोघांचे" तपासले असतील, तिचा बघितलात का?

गोदाकाठ, नाशिक

काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठले आणि बघून आले. तिचा पुढच्या ऑगस्टपर्यंत आहे. मी धरून चालले होते की सगळ्यांचे दहा वर्षांचे असतात!

आता सांगा, सिंगापूरचा व्हिसा आत्ता जुन्या पासपोर्टवर टाकायचा की थांबायचं? एजंट म्हणतो लगेच टाकू, नंतर महाग होईल. आणि जहाजाच्या बुकिंगमध्ये आईंचा जुना नंबर गेलाय.

पावसातला_पुणेकर, सिएटल

काकांचं "जहाज तीन देश फिरतं" इकडेही तितकंच खरं आहे. आई-बाबा आले होते तेव्हा अलास्का क्रूझ घेतली. सिएटलहून निघून सिएटललाच परत, मध्ये अलास्काची बंदरं. आम्हाला वाटलं, सगळी अमेरिकाच की. पण परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदवलेल्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं असेल तर १८८६ च्या एका कायद्यामुळे मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून ही जहाजं व्हिक्टोरियाला थांबतात, आणि व्हिक्टोरिया कॅनडात. आई-बाबांना त्या एका संध्याकाळसाठी कॅनडाचा व्हिसा काढावा लागला. तोही पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा देत नाहीत.

आमचे शेजारी अमेरिकन आहेत, ते जन्मदाखला आणि ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन चढले. ती सवलत त्यांच्या नागरिकांना आहे, आपल्याला नाही. इंटरनेटवर "क्रूझला पासपोर्ट लागत नाही" असं लिहिलेलं दिसलं की ते कोणासाठी लिहिलंय हे आधी बघा.

मालवणी_मसाला

बरं झालं कळलं. आमचं पुढच्या वर्षी युरोपच्या क्रूझचं चाललंय. तिकडेही सहा महिने का?

काउंटरकाका, ठाणे

गोदाकाठ ताई, जुन्या पासपोर्टवर व्हिसा अजिबात टाकू नका. सिंगापूरचा व्हिसा पासपोर्ट नंबरला बांधलेला असतो. नंबर बदलला की पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे. आधी पासपोर्ट, मग त्या नंबरवर विमानाची माहिती आणि जहाजाचं वेब चेक-इन दुरुस्त करून घ्या, मग व्हिसा. हाच क्रम. व्हिसाचा अर्ज अधिकृत एजंटमार्फतच जातो, थेट घेत नाहीत, तेव्हा त्या एजंटशी फार भांडूही नका.

व्हिसा हातात आला की 'मल्टिपल एंट्री' लिहिलंय ना बघा. जहाजावर चढलात म्हणजे सिंगापूर सोडलंत. १६ तारखेला येता तो दुसरा प्रवेश. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्डही दोन्ही वेळा भरायचं, पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत. त्याला फी नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, बंद करा. परतीचं कार्ड जहाजावर भरावं लागेल आणि तिथलं वायफाय महाग असतं, म्हणून फुकेतला उतरल्यावर आठवणीने भरून टाका.

तत्काळचं म्हणाल तर आत्ता सप्टेंबर आहे, साध्या अर्जाला वेळ आहे. दिवाळीपर्यंत ढकललंत तर मात्र तत्काळ. मुलीचा ऑगस्टपर्यंतचा चालेल, तिला हात लावू नका. लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो.

जहाजावर चढताना बऱ्याचदा पासपोर्ट जमा करून घेतात आणि शेवटी देतात. आईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर अमेरिकेचा व्हिसा गेला म्हणून काउंटरवरून हलणार नाहीत. खरं तर जुना पासपोर्ट या प्रवासात घरीच राहू दे. नव्याच्या फोटोकॉपी मात्र पर्समध्ये हव्यात.

मालवणी मसाला, शेंगेनचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचं, गणित वेगळं. तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, आणि दोन कोरी पानं. पण जहाज मध्येच तुर्कस्तानला किंवा ट्युनिशियाला गेलं तर तिथला नियम वेगळा, आणि शेंगेनमध्ये पुन्हा शिरायला मल्टिपल एंट्री लागते. बंदरांची यादी इथे टाका, मग सांगतो.

गोदाकाठ, नाशिक

नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. "तरी मी म्हणत होतो" असं म्हणून तो लॅपटॉप घेऊन बसला आणि अर्ज भरला. नाशिकलाच पुढच्या बुधवारची सकाळ मिळाली. आईंना अमेरिकेच्या व्हिसाचं सांगितलं. त्यांचा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. सेवा केंद्रातल्या साहेबांना त्या स्वतः विचारणार आहेत, आणि तिथे नेसायची साडी आजच काढून ठेवलीय.