विषय : मिसिसागा म्हणजे टोरंटोच का?

प्रेषक : काका, त्रिमूर्तीनगर, नागपूर

मंडळी, नमस्कार.

लेक-जावई टोरंटोला राहतात असं आम्ही सगळ्यांना सांगतो, पण व्हिसाच्या फॉर्मवर लिहायला पत्ता मागवला तर गाव निघालं मिसिसागा. लेक म्हणते, "बाबा, तसं टोरंटोच, पण टोरंटो नव्हे." आता कट्ट्यावर काय सांगू? आपल्या नागपूरला खेटलेल्या वाडी-हिंगण्यासारखं आहे का? काही जुनं गाव आहे, की नुसतं लेआऊट पडलंय?

*

प्रेषक : मिसिसागाहून (मूळचा नागपूरच्या महाल भागातला)

काका, वाडी-हिंगणा म्हणाल तर इथले लोक भांडायला उठतील! 2021 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 7,17,961 होती आणि कॅनडातल्या मोठ्या शहरांत याचा नंबर सातवा. महापालिका वेगळी, महापौर वेगळा. तुम्ही ज्या 'टोरंटो' विमानतळावर उतराल, तोही जवळजवळ सगळा मिसिसागाच्या हद्दीत.

जुनं गाव एक नाही, बरीच आहेत. बख्त बुलंद शाहानं 1702 च्या सुमारास राजापूर बारसाच्या बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं, हे आपण शाळेत शिकलो. इथंही वाड्याच जोडल्या, फक्त राजाऐवजी प्रांताच्या सरकारनं, आणि तेही अगदी परवा-परवा.

मिसिसागा हे इथल्या मूळ रहिवाशांचं नाव. 1805 च्या करारानं ब्रिटिशांनी ऑन्टारिओ सरोवराच्या काठची त्यांची जमीन घेतली, आणि तिथं 'टोरंटो टाउनशिप' नावाखाली शेतीवाडी सुरू झाली. कुक्सव्हिल, माल्टन, क्लार्कसन, स्ट्रीट्सव्हिल, पोर्ट क्रेडिट ही त्यातली खेडी. क्लार्कसनची स्ट्रॉबेरी नावाजलेली होती. माल्टनला 1930 च्या दशकाअखेर विमानतळ आला, युद्धात विमानांचे कारखाने आले. तिथंच अॅव्हरो अॅरो हे लढाऊ विमान तयार झालं. फेब्रुवारी 1959 मध्ये सरकारनं तो प्रकल्प एका दिवसात गुंडाळला आणि हजारो माणसं घरी बसली. जुनी माणसं अजून त्यावर तावातावानं बोलतात.

1968 मध्ये टाउनशिपचं 'मिसिसागा टाउन' झालं, 1974 मध्ये स्ट्रीट्सव्हिल आणि पोर्ट क्रेडिट आत घेऊन शहर. गंमत म्हणजे स्क्वेअर वन हा अवाढव्य मॉल 1973 मध्येच शेतांच्या मधोमध उघडला होता. म्हणजे आधी बाजार, मग शहर! आज 'डाउनटाउन' म्हणतात ते त्या मॉलच्या भोवतालीच. आपल्याकडे आधी घरं उभी राहतात आणि आरएल, म्हणजे लेआऊट नियमित केल्याचं पत्र, मागाहून. इथं एरिन मिल्स, मेडोव्हेल ही सगळी लेआऊटं रस्ते-गटारांसकट आधी कागदावर आखलेली. चोख आहेत, पण पायी फिरायला कंटाळवाणी, हे माझं मत.

मुलांना घेऊन सिटी हॉल मात्र बघाच. 1987 ची इमारत, शेतावरच्या कोठारासारखी. सभागृह धान्याच्या गोल कोठीच्या आकाराचं, आणि घुमटावर अस्वल व सात शिकाऱ्यांची मूळ रहिवाशांची कथा रंगवलेली. ते अस्वल म्हणजे आपल्या सप्तर्षींचंच नक्षत्र.

*

प्रेषक : ताई, स्ट्रीट्सव्हिल

दादा, सगळं सांगितलंत आणि हेझल मॅकॅलियन राहिल्याच की! काका, या बाई आमच्या स्ट्रीट्सव्हिलच्या महापौर होत्या. मिसिसागात विलीन व्हायला त्यांचा कडाडून विरोध. गाव गेलंच. मग 1978 मध्ये त्याच मिसिसागाच्या महापौर म्हणून निवडून आल्या आणि 2014 पर्यंत हलल्या नाहीत. 2023 मध्ये गेल्या, शंभरी पार करून.

निवडून आल्यावर वर्षभरातच, 10 नोव्हेंबर 1979 च्या रात्री, मेव्हिस रोडजवळ मालगाडी घसरली. डब्यांत प्रोपेन, आणि एका टँकरमध्ये क्लोरीन. दोन लाखांवर माणसं घराबाहेर काढली, एकही दगावला नाही. बाईंचा पाय मुरगळला होता, तरी लंगडत फिरत होत्या.

आणि एक. 2016 ते 2021 मध्ये इथली लोकसंख्या थोडी घटली. मोकळी जमीन संपली, घरांचे भाव असे की तरुण जोडपी पुढच्या गावांना निघून जातात. आता जे बांधायचं ते वर, टॉवरच. त्यामुळे 'उपनगर' म्हणायचं की नाही, यावर आमच्या घरीच दोन पक्ष आहेत.

*

प्रेषक : काका, त्रिमूर्तीनगर, नागपूर

वा राजेहो, कट्ट्यावर आता मीच बोलणार! ताई, लेकीच्या घरून स्ट्रीट्सव्हिलला ट्रेननं येता येतं का?

*

प्रेषक : ताई, स्ट्रीट्सव्हिल

स्टेशन आहे काका, पण गाडी सकाळी टोरंटोकडे जाते आणि संध्याकाळी परत येते, तीही कामाच्या दिवशी. तुमच्या सोयीची नाही. शनिवारी जावईबापूंना गाडी काढायला सांगा. क्वीन स्ट्रीटवर पार्किंग मिळत नाही, म्हणून मागच्या गल्लीत लावा आणि फोन करा. चहाला आमच्याकडेच या.