आईबरोबर बघता येईल अशी अमेरिकन मालिका सुचवा (मी गे आहे, संदर्भ आत)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, एरवी नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. मी गे आहे, चाळिशी जवळ आलीय, मूळ सांगलीचा, नोकरीमुळे पुण्यात. बहिणीला बऱ्याच वर्षांपासून माहितेय. आईला मागच्या दिवाळीत सांगितलं, तिने सगळं ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाली आणि बाबांच्या पेन्शनच्या कागदांबद्दल बोलायला लागली, त्यानंतर तो विषय निघालेलाच नाही. आता पावसाळ्यात ती माझ्याकडे राहायला येतेय. बँकेत होती, इंग्रजी वाचता येतं, खाली सबटायटल्स असली की तिला सगळं नीट कळतं.

तर मला तिला माझ्या आवडीची एखादी अमेरिकन मालिका दाखवायचीय. ही आवड माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

कॉलेज संपत आलं होतं तेव्हा स्टार वर्ल्डवर 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' लागायची, रात्री आवाज अगदी कमी करून बघायचो. कॅलिफोर्नियातलं वॉकर कुटुंब, पाच भावंडं, वडिलांनी उभी केलेली कंपनी, आणि त्यातला केव्हिन वकील आणि गे. आपल्याकडे तेव्हा टीव्हीवर असं पात्र दिसलंच तर हशा पिकवायला यायचं आणि जायचं. इथे केव्हिन सगळ्यांच्या मध्ये बसून जेवतोय, रिपब्लिकन बहिणीशी राजकारणावरून भांडतोय, आई त्याच्या बॉयफ्रेंडबद्दल नको इतक्या चौकशा करतेय, आणि एकाला काही गुपित सांगितलं की लगेच फोनाफोनी होऊन पाचही जणांना कळलेलं. ही फोनाफोनी मी आमच्याच घरात रोज बघत होतो! फक्त आमच्या फोनाफोनीत माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नसायचं, कारण मी कोणाला काही सांगतच नव्हतो.

मे २००८ मध्ये तिकडे केव्हिन आणि स्कॉटीचा विवाहसोहळा दाखवला, कायद्याच्या कागदाशिवायचा, आणि त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे तेव्हा कलम ३७७ होतं, म्हणजे असे संबंध गुन्हाच. मग जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला, डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, आणि शेवटी सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानेच ते गुन्ह्यातून काढलं. ही सगळी वर्षं मी कोर्टाच्या बातम्या वाचून घाबरायचो किंवा नाचायचो, पण आयुष्य कसं असू शकतं हे मात्र मला या मालिकांनी दाखवलं.

त्यानंतर मित्राच्या हार्ड डिस्कवर 'सिक्स फीट अंडर' मिळाली, एचबीओची, २००१ ते २००५, आणि ती माझ्यासाठी सगळ्यात वरची. लॉस एंजेलिसमध्ये अंत्यसंस्काराचा घरचा धंदा असलेलं फिशर कुटुंब. धाकटा मुलगा डेव्हिड धंदा सांभाळतो, चर्चमध्ये जबाबदारीचं पद आहे, आणि कीथ नावाच्या पोलिसावर त्याचं प्रेम आहे जे घरात कोणाला माहीत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे एका गे तरुणाला मारहाण करून ठार केलेलं असतं आणि त्याचा मृतदेह तयार करायचं काम डेव्हिडवर येतं, तो मुलगा मेल्यावर त्याच्याशी बोलत राहतो, डेव्हिडच्या मनात जेवढी स्वतःबद्दलची घाण साचलीय तेवढी सगळी त्याच्या तोंडून बाहेर येते, आणि त्याच भागात डेव्हिड आईला सांगतो. मी तो भाग बघून रात्रभर झोपलो नव्हतो. पण त्याहून मला आवडतं ते पुढचं, डेव्हिड आणि कीथचा संसार. भांडणं, समुपदेशन, तुटणं, परत एकत्र येणं, दोन मुलं दत्तक घेणं आणि ती मुलं ऐकत नाहीत म्हणून हैराण होणं. मला हेच हवं होतं बघायला, की प्रेम जमल्यानंतरच्या मंगळवारी सकाळी काय असतं.

तर प्रश्न असा की सुरुवात कशाने करू? खूप बेडसीन नकोत, आईशेजारी बसून बघायचंय. आणि शक्यतो गे माणूस शेवटी मरतो असं नको.

निळी_छत्री

'द लास्ट ऑफ अस'चा पहिल्या सीझनचा तिसरा भाग!! मालिका बुरशीने जग संपण्याची आहे पण हा एक भाग स्वतंत्र बघता येतो. बिल आणि फ्रँक, कुंपण घातलेल्या ओसाड गावात दोघं एकत्र म्हातारे होतात, एक पिस्तूल देऊन फ्रँक स्ट्रॉबेरीचं बी मिळवतो आणि गुपचूप लावतो, ती पहिली स्ट्रॉबेरी खातानाचं बिलचं हसणं बघा. बिल झालेल्या निक ऑफरमनला एमी पुरस्कार मिळाला यासाठी. माझ्या आत्तेने बघितला आणि मला म्हणाली की नवऱ्याचं आजारपण असंच काढलं मी. जिओहॉटस्टारवर एचबीओचं बरंच काही आलंय, तिथे शोधा.

वसईची_लेक

निळी_छत्री, भाग अप्रतिम आहे पण धागाकर्त्याने स्पष्ट लिहिलंय की शेवटी मरणं नको, आणि त्यात दोघं ठरवून एकत्र जीव देतात. नुकतंच कळलेल्या आईच्या मनात आधीच 'म्हातारपणी याचं काय होणार' हे असतं, तिला हा शेवट दाखवू नये असं मला मनापासून वाटतं. नंतर कधीतरी दाखवा.

मी लेस्बियन आहे आणि आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे माझी मालिका 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'. कॅली टोरेस, हाडांची डॉक्टर, आणि ॲरिझोना, लहान मुलांची सर्जन. कॅलीचा बाप कट्टर कॅथलिक, मुलीचं कळल्यावर तो चक्क फादरला घेऊन हॉस्पिटलात येतो. हा सीन मी बघितला तेव्हा अंगावर काटा आला कारण आमच्याकडेही फादरना घरी जेवायला बोलावलं होतं आणि का बोलावलंय हे फक्त मलाच माहीत नव्हतं. मग २०११ मध्ये त्यांचं लग्न दाखवलं. त्यात कॅलीची आई उठून निघून जाते, आणि बाप, तोच बाप, परत येऊन तिच्याबरोबर नाचतो. आईने मात्र पाठ फिरवलेलीच राहते, ते तसंच ठेवलंय लिहिणाऱ्यांनी, सगळ्यांना एका भागात सुधारून टाकलेलं नाही. म्हणून मला ती खरी वाटते.

तोटा एवढाच की सीझन प्रचंड आहेत आणि कॅली ॲरिझोना पुढे वेगळ्या होतात. पण आईलोकांना डॉक्टरांच्या मालिका चटकन लागतात, ऑपरेशनं असतात, दर भागात नवे पेशंट असतात, विषय अंगावर येत नाही.

गिरगावकर

कृष्णाकाठ, तुझ्याहून वयाने बराच मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो. सरकारी नोकरीतून निवृत्त, गे, आयुष्यभर गप्प. माझ्या तरुणपणी यातलं काही नव्हतं, 'बॉम्बे दोस्त' हे गे लोकांचं नियतकालिक १९९० मध्ये निघालं तेव्हा ते पेपरच्या घडीत लपवून घरी आणायचो. तू लिहिलंस की टीव्हीवरून आयुष्य कसं असू शकतं ते कळलं, तर एक लक्षात घे की तिकडच्यांनाही ते आयतं मिळालेलं नाही. १९८९ मध्ये 'थर्टीसमथिंग' नावाच्या मालिकेत दोन पुरुष बिछान्यात नुसते बोलत असलेले दाखवले तर जाहिरातदार पळाले. 'डॉसन्स क्रीक'मध्ये दोन मुलांचं नीट चुंबन दाखवायला मे २००० उजाडलं. म्हणजे तुझा डेव्हिड फिशर त्याच्या पुढच्याच वर्षी आला. किती कमी वेळात किती मोठी उडी घेतली बघ त्या लिहिणाऱ्यांनी.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटली ती 'फेलो ट्रॅव्हलर्स', २०२३ ची, आठच भाग. १९५० च्या दशकातलं वॉशिंग्टन, कम्युनिस्ट हुडकत सुटलेल्या मॅकार्थीचा काळ. १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवरने हुकूम काढला आणि गे असल्याच्या संशयावरून हजारो सरकारी नोकर घरी पाठवले गेले. त्यातला हॉक परराष्ट्र खात्यात आहे, टिमवर प्रेम आहे, आणि लग्न करतो सिनेटरच्या मुलीशी. ती ल्युसी सगळं ओळखून असते आणि वर्षानुवर्षं घर चालवत राहते. माझ्या ऑफिसात, माझ्या ओळखीत, अशी लग्नं झाली. त्या बायकांचे चेहरे मला माहीत आहेत. मी लग्न केलं नाही त्याचं मला समाधान आहे, पण त्यासाठी घरच्यांशी जे वाकडं झालं ते सरळ झालं नाही. ही मालिका आईशेजारी बसून बघायची नाही, त्यात बिछान्यातले प्रसंग भरपूर आहेत, आणि टिमचं पुढे एड्सने जे होतं ते सोसत नाही. पण आईने अजूनही स्थळं आणली तर तुला काय म्हणायचंय ते त्या ल्युसीकडे बोट दाखवून सांगता येईल. तू एकट्याने जरूर बघ.

आईसाठी माझं मत तुझ्या 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'लाच. तू सॉलबद्दल लिहिलंच नाहीस! केव्हिनच्या आईचा, नोराचा भाऊ, म्हणजे केव्हिनचा मामा, साठी उलटल्यावर घरात सांगतो की मीही. भाच्याने वाट काढून दिली आणि मामा मागून आला. टीव्हीवर माझ्या वयाचा गे माणूस, ज्याला धंद्याची अक्कल आहे, बहिणीशी मैत्री आहे आणि आयुष्यात पुढे काहीतरी होण्याची आशा आहे, असा मी त्याआधी बघितलेला नव्हता.

मोगरा

मी आई आहे. माझ्या मुलाने चार-पाच वर्षांपूर्वी सांगितलं, तेव्हापासून वाचतेय, शिकतेय, मुंबईतल्या 'स्वीकार' या पालकांच्या गटातल्या आयांशी बोलून मला फार आधार मिळाला. म्हणून दोन गोष्टी सांगते, राग मानू नका.

पहिली म्हणजे तुमचे वडील गेलेले आहेत असं पेन्शनच्या वाक्यावरून वाटतंय. तुम्ही ज्या दोन मालिका म्हणताय त्या दोन्ही वडिलांच्या मृत्यूने सुरू होतात. 'सिक्स फीट अंडर'मध्ये तर जवळजवळ दर भाग कोणाच्या तरी मरणाने सुरू होतो. तुम्हाला डेव्हिड दिसतो, केव्हिन दिसतो, तुमच्या आईला त्यांच्या आधी त्यांच्या आया, रूथ आणि नोरा, दिसतील, कालपर्यंत नवरा होता आणि आज घर रिकामं झालेली बाई. 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'मध्ये वडील गेल्यावर त्यांचं बाहेरचं प्रकरण उघडकीस येतं आणि कंपनीत पैशांचा घोळ निघतो. हे तुम्ही विसरला असाल, तुमचं लक्ष केव्हिनवर होतं. आईला आधीच सांगून ठेवा.

पण मी म्हणेन दाखवाच. कारण नोरा चुकते. ती मुलाच्या बाजूने आहे आणि तरी भलत्या वेळी भलतं बोलते, नको तिथे नाक खुपसते, मग मुलं चिडतात, मग ती परत फोन करते. मला माझ्या मुलाने लेख पाठवले, व्हिडिओ पाठवले, त्यात सगळ्या आया एकदम समंजस, कशा त्या मुलाला मिठी मारतात आणि सगळं मिटतं, मला ते बघून अपराधी वाटायचं कारण मला पहिले कितीतरी महिने मिठी मारवत नव्हती. नोरा बघून मला मोकळं वाटलं.

दुसरी गोष्ट, शेजारी बसून बघू नका. तुम्ही मालिका बघणार नाही, तुम्ही आईचा चेहरा बघत बसाल, आणि तिला ते कळेल. लावून द्या आणि ऑफिसला जा. तिला एकटीला बघू द्या, परत मागे नेऊन बघायचं असेल तर बघू द्या. माझ्या मुलाने शेजारी बसून एक सिनेमा दाखवला होता, त्यातलं मला आज काही म्हणजे काही आठवत नाही, तो सारखा माझ्याकडे बघत होता तेवढंच आठवतं.

निळी_छत्री

मोगराताई, __/\__

वसईची_लेक, शेवटाचा मुद्दा मान्य.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मोगराताई, हो, बाबा गेले, आणि नोराच्या बाजूने ही मालिका मी आजवर बघितलेलीच नव्हती, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री पहिला भाग परत लावला. वडील जातात तो प्रसंग आणि त्यानंतरची नोरा, सगळंच वेगळं दिसलं. आई येईल तेव्हा तिला आधी एवढं सांगेन की यात वडील जातात आणि त्यांचं प्रकरण निघतं, मग बघायचं की नाही ते ती ठरवेल. बघायची म्हणाली तर लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवतो आणि दिवसा तिची ती बघेल.

गिरगावकर काका, सॉलमामाबद्दल लिहायचं राहिलं ते बरंच झालं, तुमच्याकडून वाचायला मिळालं. आईचा भाऊ, माझा मामा, मिरजेला असतो, त्याचं आणि आईचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं असतं. सॉल आणि नोराचं नातं तिला लगेच ओळखीचं वाटेल. 'फेलो ट्रॅव्हलर्स' शनिवारी सुरू करतोय, एकटाच.

वसईची_लेक, कॅलीच्या लग्नाचा भाग बहिणीला पाठवलाय. तिचा मेसेज आला की आपल्याकडे कोण नाचेल रे. मी म्हटलं तू.

गिरगावकर

सॉलची गोष्ट दुसऱ्या सीझनमध्ये नीट उघडते, पहिल्यात नुसत्या खुणा आहेत. आईने पहिला सीझन संपवून थांबायचं म्हटलं तर तेवढं सांग तिला.