डब्ल्यू-२ मिळत नसेल तर

अमेरिकेतली जुनी कंपनी डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म) पाठवत नाही, फोनही उचलत नाही, मग टॅक्स रिटर्न कसा भरायचा, असं वर विचारलंय. मी यातून गेलोय.

कंपनीने तो ३१ जानेवारीपर्यंत द्यायलाच हवा. फेब्रुवारी संपूनही हातात नसेल तर आयआरएसला (अमेरिकेचं कर खातं) ८००-८२९-१०४० वर फोन करा. कंपनीचं नाव-पत्ता, तुमचा एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), नोकरीच्या तारखा समोर घेऊनच बसा. ते कंपनीला कळवतात आणि तुम्हाला फॉर्म ४८५२ पाठवतात. डब्ल्यू-२ च्या जागी तोच जोडायचा, आकडे शेवटच्या पे-स्टबवरून (पगाराच्या पावतीवरून) घ्यायचे. माझा पे-स्टब गाडीच्या कप्प्यात चुरगळून पडला होता. 'वायटीडी'चा (वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज) रकाना तेवढा वाचता येत होता, त्यावरच निभावलं.

'आयआरएसच्या साइटवरून कोरा डब्ल्यू-२ डाउनलोड करून स्वतःच भरा' असा सल्ला वर कुणीतरी दिलाय. कृपा करून असलं काही करू नका! तो कंपनीने भरायचा असतो. शिवाय त्यातली लाल 'कॉपी ए' (सरकारकडे जाणारी प्रत) नुसती बघण्यापुरती आहे; प्रिंट काढून पाठवली तर दंड होऊ शकतो, आणि फाइलच्या पहिल्याच पानावर तसं चक्क लिहिलंय.

रिटर्नची शेवटची तारीख, १५ एप्रिल, अगदी तोंडावर आली तर फॉर्म ४८६८ (मुदतवाढीचा अर्ज) भरा, ऑक्टोबरच्या १५ पर्यंत मुदत मिळते. पण फक्त रिटर्नला, पैशांना नाही. देणं निघत असेल तर अंदाजाने आत्ताच भरून टाका. नंतर खरा डब्ल्यू-२ उगवला आणि आकडे जुळले नाहीत, तर फॉर्म १०४०-एक्स भरून दुरुस्ती करता येते.